मगनवाडीचा हिशेब : पर्यावरणपूरक राहणीतून उपजीविका कशी उभी राहते?



‘पर्यावरणपूरक जीवनशैली’ हा शब्दप्रयोग आता आपल्या सर्वांच्या सरावाचा झाला आहे. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्र प्रसिद्ध झाल्यापासून धर्मग्रामांतून वृक्षारोपण, कापडी पिशव्या, पाण्याची बचत यांविषयी पुष्कळ बोलले गेले. त्यातूनच आपली तरुण मंडळी एक रोकडा प्रश्न विचारू लागली आहेत. अशी राहणी स्वीकारून, ती इतरांना शिकवून, तिच्याविषयी लिहून-बोलून घर चालेल काय?

प्रश्न रास्त आहे. राळेगावसारख्या कापूस, सोयाबीन आणि तुरीवर जगणाऱ्या तालुक्यात तर तो चैनीचा प्रश्न मुळीच नाही. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामुळे कमी विषाची, कमी खर्चाची शेती आणि राहणी येथे जीवनमरणाशी जोडलेली आहे. परंतु ज्याच्या घरी मुलांची फी भरायची आहे, त्याला केवळ उपदेश देऊन भागत नाही. त्याला हिशेब हवा असतो. म्हणून हा विषय एका हिशेबनिसाच्याच आधाराने समजून घेऊ.

त्यांचे नाव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. जन्म ४ जानेवारी १८९२, तंजावर येथे, एका ख्रिस्ती कुटुंबात. लंडनला लेखापरीक्षणाचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत त्याच व्यवसायात जम बसवला आणि पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केला. १९२९ मध्ये महात्मा गांधींची भेट झाली आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली. गुजरातमधील मातर तालुक्यातील ५४ गावांची आर्थिक पाहणी त्यांनी केली. कुटुंबाला मिळते किती, खर्च होतो किती आणि उरते काय, हे त्या पाहणीने आकड्यांत मांडले. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याचे सूत्रधार कुमारप्पाच होते. संघाचे ठाणे होते वर्ध्याची मगनवाडी, म्हणजे राळेगावहून वर्धा नदी ओलांडून उत्तरेला गेले की लागणारे गाव. जमनालाल बजाज यांनी आपली बाग व घर त्यासाठी दिले होते.

मगनवाडीत काय चालत असे? बैलघाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाशीपालन. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ आणि स्वयंपाकघरातील धूर बाहेर काढणारी ‘मगनचूल’ यांचीही निर्मिती तेथलीच. गावोगावच्या कार्यकर्त्यांना तेथे प्रशिक्षण मिळे. या सर्वांची माहिती देणारे ‘ग्राम उद्योग पत्रिका’ हे मासिक कुमारप्पा संपादित करीत. आज ज्याला आपण पर्यावरणपूरक जीवनाचा प्रसार म्हणतो, तो येथे नव्वद वर्षांपूर्वी सुरू होता. त्याचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी घाणी फिरली, मग तेल विकले गेले, मग शिकवणे सुरू झाले आणि त्या आधारावर लेखन उभे राहिले. आजचे पुष्कळ उत्साही तरुण हा क्रम उलटा लावतात. आधी प्रचार, मग कधीतरी प्रत्यक्ष काम. तेथेच गाडे अडते, असे माझे मत आहे.

‘भारत छोडो’ आंदोलनानंतर तुरुंगात असताना कुमारप्पांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ लिहिला. येशूच्या शिकवणुकीवरील त्यांचे पुस्तकही त्याच कारावासातले. शाश्वततेच्या या अर्थशास्त्रात त्यांनी निसर्गाकडे पाहून कमाईचे पाच प्रकार सांगितले आहेत. पहिला परोपजीवी. वाघ सावज मारतो, म्हणजे जिच्यावर जगायचे तीच गोष्ट नष्ट करतो. (राळेगावच्या वाचकांना वाघाचे उदाहरण विस्ताराने सांगण्याची गरज नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात बोराटीच्या जंगलात ‘अवनी’ वाघीण मारली जाईपर्यंत या भागाने काय सोसले, हे सर्वांना ठाऊक आहे.) दुसरा प्रकार लुटारू. माकड आंबे खाते, झाड मारीत नाही, पण झाडासाठी काही करीतही नाही. तिसरा उद्यमशील, म्हणजे मध घेता घेता परागीभवन करून फुलाचे ऋण फेडणारी मधमाशी. त्यापुढे समूहासाठी केलेले श्रम, आणि शेवटी पिलाला भरवणाऱ्या आईसारखी सेवा.

ही वर्गवारी जुनी वाटेल, पण आपल्या विषयाला ती कसोटीसारखी लागू पडते. ‘नैसर्गिक’ असे लेबल लावून बाजारातलाच माल दुप्पट भावाने विकणारा दुसऱ्या प्रकारात मोडतो. शेजाऱ्याचे बियाणे जपून त्याला योग्य मोबदला देणारा तिसऱ्या प्रकारात येतो. पर्यावरणाच्या नावाने होणारी कमाई आपोआप पवित्र होत नाही.

आता आपल्या भागाकडे येऊ. यवतमाळजवळ तिवसा येथील छोटी गुजरीचे शेतकरी श्री. सुभाष शर्मा यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. रासायनिक शेतीत आरंभी भरभराट आणि नंतर घसरण अनुभवल्यावर १९९४ मध्ये त्यांनी रसायने पूर्णपणे सोडली. माती, पाणी, झाडे, पक्षी, गाय आणि बियाणे यांचा एकत्र विचार करणारी त्यांची पद्धत पाहण्यासाठी दूरदूरचे शेतकरी तेथे येतात. त्यांच्या बोलण्याला वजन आले ते त्यांच्या शेतामुळे.

दुसरे उदाहरण अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे श्री. सुभाष पाळेकर यांचे. स्वतःच्या शेतावर अनेक वर्षे प्रयोग केल्यानंतर १९९६ ते १९९८ या काळात ते ‘बळीराजा’ या कृषिमासिकाच्या संपादकीय कामात होते. पुढे ते काम सोडून त्यांनी शिबिरे व पुस्तके हाच मार्ग धरला आणि २०१६ मध्ये त्यांनाही पद्मश्री मिळाली. त्यांचे जीवामृत आज घरोघर माहीत आहे. एकरी २०० लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. तथापि २०१९ मध्ये राष्ट्रीय कृषिविज्ञान अकादमीच्या शास्त्रज्ञांनी ‘झिरो बजेट’ शेतीच्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असे मत दिले होते, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. मतभेद असलेल्या विषयात जो दोन्ही बाजू सांगतो, त्याच्यावर लोक अधिक काळ विश्वास ठेवतात.

केवळ लेखनावर जगण्याचे काय? दापोली तालुक्यातील कुडावळे येथे जाऊन राहिलेले अभियंता-लेखक श्री. दिलीप कुलकर्णी यांनी साधी, पर्यावरणस्नेही राहणी स्वतः आचरली, पुस्तके लिहिली आणि ‘गतिमान संतुलन’ हे मासिक चालवले. वसईचे दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’चे संपादन केले आणि हरित वसईचा लढाही लढला. मराठीत अशा लेखनाला वाचक आहेत, आदर आहे. पैसा मात्र बेताचा. लेखाचे मानधन अनेकदा प्रवासखर्चातच जाते. साध्या राहणीच्या लेखकाला ते परवडते, कारण त्याचा खर्चच कमी असतो. येथे एक महत्त्वाचा मुद्दा हाती लागतो. या मार्गावरील पहिली कमाई म्हणजे वाचलेला पैसा. घरचे बियाणे, घरचे खत, परसातला भाजीपाला, विकत न घेतलेली डझनभर वेष्टनबंद पाकिटे यांची रक्कम सहा महिने वहीत लिहून पाहावी. पवनारला विनोबांनी १९५० च्या सुमारास कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशाविना जगण्याचा प्रयोग केला. संसारी माणसाला तेवढे जमणार नाही, पण त्या दिशेने काही पावले टाकली तर उरलेल्या गरजेपुरती कमाई पुष्कळ हलकी होते.

उरलेल्या गरजेसाठी वस्तू विकावी लागते. राळेगाव भागाला साजेशी वस्तू म्हणजे तुरीची डाळ. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये ठरवला. एका क्विंटल तुरीपासून छोट्या गिरणीवर साधारण ६५ ते ७० किलो डाळ मिळते, बाकी चुनी व टरफल, जे गुरांना जाते. आपण ६७ किलो धरू. भरडाई, पिशव्या व वाहतूक मिळून समजा १,१०० रुपये लागले, तर खर्च ९,१०० झाला, म्हणजे किलोमागे सुमारे १३६ रुपये. डाळ १६० रुपयांनी विकली, तर एकूण १०,७२० रुपये येतात आणि १,६२० रुपये सुटल्यासारखे वाटतात. बहुतेक जण येथेच वही मिटतात. परंतु तूर वाळवणे, निवडणे, पिशव्या भरणे, ग्राहकांकडे पोहोचवणे यांत चार माणसांचा एकेक दिवस गेला असेल, तर ३०० रुपये रोजाने त्याचे १,२०० होतात. मग खरा नफा उरतो ४२० रुपये. त्यातून पाच किलो डाळीला कीड लागली, तर ८०० रुपये गेले आणि मजुरीलाही कात्री लागली.

हे वाचून निराश होण्याचे कारण नाही. घरबसल्या मजुरी मिळाली, हेही कमी नव्हे. पण ती मजुरी कोणाची, हे पाहिले पाहिजे. आपल्याकडे ‘नैसर्गिक’ कामांतील निवडणे-पाखडणे, शेणकाला कालवणे, कापडी पिशव्या शिवणे हे सारे बहुधा घरातील स्त्रीच्या वाट्याला येते आणि हिशेबात तिचा दिवस शून्य रुपयांचा धरला जातो. ज्या उद्योगाचा नफा गृहिणीच्या न मोजलेल्या श्रमातून निघतो, तो कुमारप्पांच्या कसोटीवर फार वरच्या पायरीवर बसत नाही. बचतगटांनी तरी हा रकाना वहीत आवर्जून आखावा.

भाव १६० ऐवजी १८० कधी मिळतो? गिऱ्हाईक तुम्हाला ओळखते तेव्हा. लेखनाचा, व्याख्यानाचा, शेतभेटीचा खरा उपयोग येथे आहे. पेरणीपासून भरडाईपर्यंत काय केले, कोणती फवारणी टाळली, कोणती टाळता आली नाही, हे जो प्रांजळपणे सांगतो, त्याच्याकडून नागपूर-वर्ध्याची दहा-वीस कुटुंबे वर्षभराची डाळ एकदम घेतात. पुढे शिबिराचे शुल्क, रोपवाटिका, पुस्तिका ही उत्पन्नाची दारे हळूहळू उघडतात.

कायद्याच्या काही गोष्टीही माहीत असाव्यात. ‘सेंद्रिय’ हा शब्द वाटेल तसा छापता येत नाही. त्यासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१७ चे विनियम आहेत. थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकांना त्यात काही सवलत आहे, पण सेंद्रिय मालाचे अधिकृत चिन्ह प्रमाणपत्राशिवाय वापरता येत नाही. लहान शेतकऱ्यांसाठी सर्वांत स्वस्त वाट म्हणजे ‘पीजीएस-इंडिया’ ही सहभागी हमी पद्धत. जवळपासचे किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. रूपांतराचा काळ दोन ते तीन वर्षांचा असतो, तोवर माल ‘पीजीएस ग्रीन’ म्हणून विकता येतो. खाद्यपदार्थ विकायचा, तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. आणि ‘या तेलाने मधुमेह बरा होतो’ अशी वाक्ये पत्रकावर कदापि छापू नयेत. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानुसार अशी जाहिरात हा गुन्हा आहे.

ज्यांना प्रत्यक्ष पाहायचे आहे, त्यांनी वर्ध्याचे मगन संग्रहालय अवश्य पाहावे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ते चालवणारी समिती सेंद्रिय कापसाची, वनस्पतिजन्य रंगांत रंगवलेली खादी तयार करते. आपल्या तालुक्यातला कापूस गाठीत बांधून जातो तेव्हा आणि त्याचे असे कापड होते तेव्हा, दोन्ही वेळच्या किमतीतील फरक तेथे डोळ्यांनी दिसतो. नवा गट करू इच्छिणाऱ्यांनी खरिपाच्या पेरणीपूर्वी, म्हणजे मे अखेरपर्यंत, पाच कुटुंबांची नावे ठरवून तालुका कृषी कार्यालयात पीजीएस नोंदणीची चौकशी करावी. तूर घरात येईपर्यंत जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो. तोवर जमाखर्चाची वही आणि पहिल्या दहा ग्राहकांची यादी तयार ठेवता येईल.