प्लेटा बसवून झाल्यावर

सोलरमध्ये करिअर म्हटलं की अकोला-अमरावतीकडे दोनच चित्रं डोळ्यांपुढे येतात. टिनाच्या छपरावर चढून प्लेटा कसणारा पोरगा, नाहीतर परदेशातल्या प्रयोगशाळेत नवा सेल घडवणारा शास्त्रज्ञ. एक काम हंगामी, दुसरं आवाक्याबाहेरचं, तेव्हा हे क्षेत्र आपल्या मुलांचं नव्हेच, असा निकाल बारावीनंतर घरोघरी लागतो. दोन्ही चित्रं खोटी नाहीत. पण या दोहोंमधलं मोठं काम त्यांच्यामुळे झाकलं जातं, आणि वऱ्हाडाला गरज आहे ती नेमकी त्याच कामाची. इथलं ऊन, इथलं पाणी आणि इथली शेती यांचे प्रश्न दुसऱ्या कोणी सोडवून पाठवणार नाही.

उन्हापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात पक्का गैरसमज त्याच्याबद्दल आहे. आपल्याकडे ऊन कडक, म्हणून वीजही सगळ्यात जास्त, असं सांगून सोलर विकलं जातं. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नव्हे. त्याची क्षमता ठरवतात ती सेलचं तापमान २५ अंश धरून, आणि त्यावरच्या प्रत्येक अंशामागे सिलिकॉन पॅनेलची ताकद साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरते. हवा ४५ अंशांवर गेली की काचेखालचा सेल सहज ६५-७० अंशांवर जातो. म्हणजे भर दुपारी, ऊन सगळ्यात प्रखर असताना, बारा ते अठरा टक्के ताकद गेलेली असते. उष्णतेपायी १४४ कलम लावावं लागलेलं अकोला (मे २०२४) हे अशा अभ्यासासाठी आयतं गाव आहे. आयआयटी मुंबईत २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन केंद्राने २०१३पासून देशभर फिरून जुनी पॅनेल तपासली, तेव्हा उष्ण प्रदेशातली पॅनेल थंड प्रदेशातल्यांपेक्षा लवकर झिजताना आढळली. याला नवा सेल शोधणं लागत नाही. मोजमाप लागतं, तेही वर्षानुवर्षं आणि जागेवरच.

मोजमाप म्हणजे काय, ते पॅनेलच्या खालच्या कडेशी वाकून पाहिलं की कळतं. रात्रीचं दव आणि पावसाची एखादी सर धूळ खाली आणते, ती ॲल्युमिनियमच्या चौकटीशी अडते आणि बोटभर रुंदीचा थर वाळून बसतो. बाकी काच लख्ख असते. पण सेल एकामागे एक जोडलेले असल्याने खालची एक ओळ झाकली तरी वरच्यांचाही प्रवाह अडतो, आणि झाकलेला सेल तापून तिथे डाग पडू शकतो. धुवायला खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी वापरलं तर ते वाळून काचेवर क्षारांचा पांढरा पापुद्रा सोडतं. दर्यापूर किंवा तेल्हाऱ्याकडच्या सोलरवाल्याला पाण्याचं रसायनशास्त्र कळायला हवं ते यासाठी.

त्यामुळे ‘सोलर म्हणजे इलेक्ट्रिकलवाल्यांचं काम’ हेही अर्धंच खरं. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ एचपीचा पंप मिळतो. शेतकऱ्याने भरायचे १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५. हे मोजमाप जमिनीचं आहे, विहिरीचं नव्हे. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात पाणी खोल गेलेलं असताना दिवसभर फुकट चालणारा पंप किती उपसा करेल, हा प्रश्न भूजलशास्त्राचा आहे. शेतमालाच्या सुकवणीचंही तसंच, तेही निव्वळ विजेचं काम नव्हे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले केमिकल इंजिनिअर वैभव तिडके आणि त्यांच्या सोबत्यांनी उभी केलेली एस४एस टेक्नॉलॉजीज महिला शेतकऱ्यांच्या हाती सौर ड्रायर देते. २०२३चा अर्थशॉट पुरस्कार तिला मिळाला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात तर अपारंपरिक ऊर्जास्रोतांसाठी वेगळा विभागच आहे. दहावीनंतर आयटीआय केलेल्यांना ‘सूर्यमित्र’ हा ६०० तासांचा अभ्यासक्रम आहे. दारं अनेक आहेत, फक्त सगळ्यांवर ‘सोलर’ अशी पाटी नाही.

यावरचा आक्षेप रास्त आहे: काम असेल, पण नोकरी कुठे? सीईईडब्ल्यू आणि एनआरडीसी या संस्थांच्या २०१७च्या अभ्यासानुसार जमिनीवरच्या मोठ्या प्रकल्पात दर मेगावॅटमागे ३.४५ आणि छतावरच्या सोलरमध्ये २४.७२ मनुष्य-वर्षं इतका रोजगार निर्माण होतो. आकडा छतांच्या बाजूने घसघशीत आहे, पण त्यातला बहुतेक रोजगार आखणी-उभारणीच्या काळातला. प्लेटा बसल्या की टोळी पुढच्या गावाला. त्यात कंत्राटी मजुरी आणि पट्ट्याशिवाय छपरावर चढणं हे वास्तव आहे. म्हणून ‘सोलर शिका, नोकरी पक्की’ ही जाहिरात मला फसवी वाटते. मात्र या आक्षेपातून क्षेत्र टाळा असं निघत नाही, उभारणीच्या पुढचं शिका असं निघतं. पंपयोजनेत पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी आहे. पॅनेल पंचवीस वर्षांचं धरलं तर उरलेल्या वीस वर्षांत कंट्रोलर जळाला की तालुक्यात तो उघडून पाहणारा कोण, याचं उत्तर आज तरी कोणत्याही योजनेत नाही.

संशोधनाबद्दलचा आक्षेप वेगळा: चांगलं काम महानगरातच होतं म्हणतात. अनिलकुमार राजवंशी अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात पीएचडी करून १९८१ साली परतले ते फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत. गोड ज्वारीपासून केलेल्या अल्कोहोलचं ऊर्ध्वपातन त्यांनी सूर्याच्या उष्णतेवर करून दाखवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका माणसाच्या उदाहरणाने पगाराचा आणि फेलोशिपच्या थकबाकीचा प्रश्न सुटत नाही, हे कबूल. पण विषय गावातून उचलता येतो, एवढं त्यातून सिद्ध होतं. आणि विषय संपलेलेही नाहीत. २०२२च्या ई-कचरा नियमांनी निकामी पॅनेलही कक्षेत घेतली असून उत्पादकांनी ती २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवायची आहेत. त्यांतली काच, चांदी आणि सिलिकॉन स्वस्तात वेगळं कसं करायचं, हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न आहे, आणि तो सोडवायची वेळ येईल तेव्हा आज अकरावीत असलेली मुलं तिशीच्या आतच असतील.