वनहक्क : ग्रामसभेचा दावा आणि शासनाचे दायित्व

अमरावती जिल्ह्याच्या अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी पायविहीर हे बहुतांशी कोरकू वस्तीचे लहानसे गाव आहे. २०१२ साली या गावाच्या ग्रामसभेला सुमारे १९२ हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक वनहक्क प्राप्त झाला. त्या वेळी गावाभोवतालच्या टेकड्या बव्हंशी उजाड होत्या. ग्रामसभेने वृक्षतोड व मोकाट चराई यांवर स्वतःहून निर्बंध घातले, आळीपाळीने गस्त सुरू केली आणि रोजगार हमीच्या कामांतून मृद व जलसंधारण हाती घेतले. या रानातील सीताफळे ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने मुंबईच्या बाजारापर्यंत पोहोचली. पुढे पायविहीर, उपातखेडा, खतिजापूर व नयाखेडा या शेजारच्या गावांनी एकत्र येऊन तेंदूपानांची विक्रीही स्वतःच केली. २०१४ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सहयोगाने दिला जाणारा भारत जैवविविधता पुरस्कार पायविहीरला मिळाला.

हे यश गावाचे आहे, यात शंका नाही. तथापि दावा दाखल होण्यापासून अभिलेख हाती पडेपर्यंत जी वाट चालावी लागते, ती एकट्या गावाने चालावी अशी कायद्याचीही अपेक्षा नाही. ‘अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६’ याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी अंमलात आले. त्यांत शासकीय यंत्रणेला निर्णय देणाऱ्याची जशी भूमिका आहे, तशीच साहाय्यकर्त्याचीही आहे. आणि ही दुसरी भूमिका अनेकदा विसरली जाते. वन व महसूल नकाशे आणि मतदार याद्या ग्रामसभेला पुरविणे हे उपविभागीय स्तरावरील समितीचे कर्तव्य आहे. नकाशासाठी दावेदाराने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावेत, हे या नियमांना मान्य नाही.

पुराव्याच्या बाबतीतही हाच दृष्टिकोन आहे. पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्या कुटुंबाजवळ सातबारा कोठून असणार? म्हणून जुनी गॅझेटियर, जनगणनेचे कागद व नकाशे यांच्या बरोबरीने गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले निवेदनही ग्राह्य धरले जाते. मात्र ते वडीलधारे स्वतः दावेदार नसावेत. अमुकच एक कागद हवा, असा आग्रह समितीला धरता येत नाही. दावा फेटाळला तर कारणे लेखी कळवावी लागतात आणि त्यावर साठ दिवसांच्या आत वरच्या समितीकडे दाद मागता येते.

स्वयंसेवी संस्थांचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे. मेळघाट परिसरात ‘खोज’ या संस्थेने गावोगावी कायदा समजावून सांगण्याचे, दावे तयार करण्यास मदत करण्याचे आणि हक्क मिळाल्यावर ग्रामसभांच्या पाठीशी उभे राहण्याचे काम केले. संस्थेने गावाच्या वतीने निर्णय घ्यावयाचा नसतो, निर्णय ग्रामसभेचाच. सभा बोलाविण्याची जबाबदारी मात्र ग्रामपंचायतीवर आहे. सरपंच व ग्रामसेवक यांनी मनावर घेतले नाही, तर पहिलीच पायरी अडते.

समतेच्या दृष्टीने या कायद्यातील दोन तरतुदींकडे पंचायत सभासदांनी व शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे ग्रामसभेला किमान निम्म्या सभासदांची उपस्थिती लागते आणि उपस्थितांत किमान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. नोंदवहीत मागाहून घेतलेल्या अंगठ्यांनी ही अट पुरी होत नाही, हे स्पष्टपणे सांगितलेले बरे. दुसरी तरतूद वैयक्तिक हक्काची. विवाहित दावेदाराच्या कसणुकीच्या जमिनीचा अभिलेख पती व पत्नी या दोघांच्या संयुक्त नावे होतो. ही जमीन वारसाने पुढे जाते, परंतु विकता येत नाही. सातबाऱ्यावर बाईचे नाव सहसा पती वारल्यावरच चढते. येथे ते आरंभापासूनच येते.

अकोला जिल्ह्यात या कायद्याची कसोटी वेगळ्या प्रकारे लागली. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ साली स्थापन झाला. त्यातील केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा इत्यादी गावांचे पुढे अकोट परिसरात पुनर्वसन झाले. शेतजमीन व नागरी सुविधांविषयीच्या तक्रारी सांगत यांपैकी काही कुटुंबे पुन्हा रानातील मूळ गावी परतली आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा वन व पोलीस कर्मचाऱ्यांशी संघर्ष झाला. त्यात दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली.

व्याघ्र अधिवासातील पुनर्वसनाबाबत २००६ च्या अधिनियमाचे कलम ४ पुरेसे स्पष्ट आहे. प्रथम हक्कांची मान्यता पूर्ण व्हावी, ग्रामसभेची माहितीपूर्ण व मुक्त संमती लेखी घ्यावी, आणि नव्या ठिकाणच्या सोयी व जमीनवाटप पुरे झाल्याखेरीज कोणासही हलवू नये. संमती घेण्यास गेलेल्या अधिकाऱ्याने कोरकू बोली जाणणारा शिक्षक वा कार्यकर्ता बरोबर नेला, पॅकेजची रक्कम, जमिनीचा पर्याय आणि नव्या गावातील विहीर, शाळा, स्मशानभूमी यांची स्थिती सभेत वाचून दाखविली आणि इतिवृत्ताची प्रत गावात ठेवली, तर पुढे वाद उपस्थित झाल्यास ती प्रत दोन्ही पक्षांच्या उपयोगी पडते.