कोळशाचा हिशेब लागला, जमिनीचा राहिला

माजरी जंक्शनवरून वणी-आदिलाबादचा फाटा फुटतो. आजूबाजूला वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) खाणी आणि मातीचे डोंगर. भद्रावती तालुक्यातल्या या पट्ट्याने गेल्या तीस वर्षांत सरकारवरचा राग अनेक रूपांत पाहिला: ठिय्या, चक्काजाम, मतपेटीतून काढलेला वचपा. पण भ्रष्टाचारावरच्या रागाला थोडीफार दाद मिळाली, मोडलेल्या शब्दावरच्या रागाला जवळजवळ नाही. दोन्ही राग एकच मानले गेले, तिथे प्रकल्पग्रस्तांचे नुकसान झाले.

१९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि जमीन गेली तर घरात एक पक्की नोकरी येते, ही समजूत इथे रुजली. ती भाबडी नव्हती. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणातही दोन एकरांमागे एका नोकरीचे सूत्र आहेच. त्यामुळे नव्वदच्या दशकात निप्पॉन डेन्रोच्या वीज प्रकल्पासाठी भद्रावतीजवळची हजार हेक्टरांहून अधिक जमीन घेतली गेली, तेव्हा शेतकऱ्यांनी मनात हाच हिशेब मांडला असणार. केंद्राने प्रतिहमी देण्यासाठी निवडलेल्या आठ जलदगती प्रकल्पांतला हा एक. दाभोळचा एन्रॉनही त्याच यादीतला. दाभोळवरून देशभर रण माजले. भद्रावतीचा प्रकल्प उभाच राहिला नाही, म्हणून त्याच्याविषयी कोणी फारसे बोललेही नाही. वीज नाही, नोकरी नाही, आणि सातबाऱ्यावरचे नाव मात्र गेलेले. यात लाच कोणी घेतली हे सिद्ध करण्याची गरजच पडत नाही. म्हणूनच चौकशीही होत नाही.

याउलट कोळसा खाणवाटप घोटाळ्याचे झाले. चंद्रपूरचे तत्कालीन खासदार हंसराज अहीर यांनी तो विषय लावून धरला, दक्षता आयोगाकडे तक्रार गेली, २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी १.८६ लाख कोटींचा आकडा मांडला आणि देश हादरला. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २१८ पैकी २१४ वाटपे रद्द केली. निकाल योग्यच होता. पण त्यात भद्रावती तालुक्यातल्या बरांजच्या, कर्नाटक वीज महामंडळाला दिलेल्या खाणीही होत्या. उत्पादन थांबले, कामगार घरी बसले आणि ज्यांची जमीन आधीच खाणीत गेली होती त्यांचे पुनर्वसन अधांतरी राहिले. पुढे वाटप पुन्हा त्याच महामंडळाला झाले. काढलेल्या कोळशावर टनामागे २९५ रुपये वसूल करण्याचा आदेश होता. तो पैसा सरकारजमा होणार होता. गावाला दिलेल्या शब्दाची किंमत त्या आदेशात कुठेच नव्हती, आणि न्यायालयापुढे तो प्रश्नही नव्हता.

मोबदला मिळाला, मग तक्रार कसली, असे विचारले जाते. मोबदला जमिनीचा होता. रोजगाराचे आश्वासन हा व्यवहाराचा दुसरा भाग होता, आणि तोच दाखवून संमती मिळवली जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लोकांनी मतदानातून हिशेब चुकता केला नाही का? केला असेलही. २०१९ मध्ये अहीर पडले आणि बाळू धानोरकर जिंकले, राज्यातली काँग्रेसची ती एकमेव जागा. २०२४ मध्ये प्रतिभा धानोरकर यांनी सुधीर मुनगंटीवारांना अडीच लाखांहून अधिक मतांनी हरवले. या निकालांमागे जात, पक्ष, सहानुभूती अशी अनेक कारणे आहेत. सारे श्रेय प्रकल्पग्रस्तांच्या रागाला देणे अतिशयोक्ती ठरेल. आणि घोटाळ्याविरुद्ध बोलणाराही पडू शकतो, हेही त्यातून दिसतेच. खासदार बदलला तरी भूसंपादनाची फाईल बदलत नाही.

कायद्याने थोडी वाट काढली आहे, तीही अर्धीच. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १०१ नुसार पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा सरकारी भूमी बँकेला परत जाते. या ‘किंवा’तच मेख आहे. शिवाय कोळशासाठीचे संपादन १९५७ च्या वेगळ्या कायद्याने होते आणि नव्वदच्या दशकातली भद्रावतीची जमीन या कलमाच्या आधीची. तेव्हा पुढच्या वेळी माजरी-भद्रावतीत कोणी नव्या प्रकल्पाची घोषणा करील, त्याला प्रकल्पग्रस्तांनी आकडा विचारू नये. नोकऱ्यांची यादी आणि जमीन परतीची तारीख करारात लिहून मागावी, आणि ती मिळेपर्यंत सही करू नये.