गट कार्यालयातील संगणकाची कुलुपे आणि अडलेली ऊस नोंद



ऊस नोंदीला गेल्यावर ‘सिस्टीम घेत नाही’ असे उत्तर मिळाले की सभासद चिडतो, आणि ते साहजिकच आहे. लागणीची तारीख आणि उसाची जात पाहूनच तोडणीची पाळी लागते. नोंद राहिली किंवा तारीख चुकली की पाळी मागे पडते, आणि उभा ऊस वाळून वजनाला मार बसतो. तेव्हा संगणक अडतो कशाने, हे सभासदांनीही समजून घेतलेले बरे.

पूर्वी नोंदवही गट कार्यालयातच असे. आता पुष्कळ ठिकाणी सर्व हिशोब मुख्य कार्यालयातील सर्व्हरवर असतो. भूम-परंड्याकडील एखाद्या गट कार्यालयात बसलेला कारकून पडद्यावर जे बघतो, ते त्या सर्व्हरवरचे असते. याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. माणूस इथे, काम तिथे.

लांबून माणूस आत येणार म्हटल्यावर दारे-कुलुपे आलीच. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणक यंत्रणेत शिरून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. सहकारी संस्था म्हणून आपल्याला कोण हात लावणार, असे म्हणण्याचे दिवस राहिले नाहीत. विंडोज संगणकांत अशी कुलुपे लावण्याची सोय २००० सालापासून आहे. तिला ग्रुप पॉलिसी म्हणतात.

मात्र ही कुलुपे दोन तऱ्हेची असतात. एक माणसाच्या नावावर, दुसरे यंत्राच्या नावावर. माणसाच्या नावचे कुलूप त्याच्या मागोमाग फिरते. समजा, सर्व्हरवरचा सी ड्राइव्ह झाकायचा आहे, पण कुलूप कारकुनाच्या नावावर लागले. मग तो त्याच नावाने स्वतःच्या टेबलावरचा संगणक उघडतो, तेव्हा तिथलाही ड्राइव्ह दिसेनासा होतो! यावर तोड म्हणून ‘लूपबॅक’ नावाची सोय आहे. ती सर्व्हरवर चालू केली, की जो कोणी तिथे येईल त्याला त्या सर्व्हरचे नियम लागतात. तिच्या दोन रीती आहेत. ‘मर्ज’ मध्ये माणसाचे व सर्व्हरचे असे दोन्ही नियम लागतात, आणि दोहोंत तंटा झाला तर सर्व्हरचा नियम खरा. ‘रिप्लेस’ मध्ये फक्त सर्व्हरचे. यातही एक मेख आहे. वेगळी सूट ठेवली नाही, तर दुरुस्तीला आलेला संगणक अधिकारीसुद्धा त्याच कुलपात अडकतो.

आता सभासदाला प्रत्यक्ष जाणवणारे त्रास पाहू. नोंदीची पावती निघत नाही. प्रिंटर धडधाकट असतो, पण गट कार्यालयाचा प्रिंटर सर्व्हरच्या कामाला जोडण्यास मनाई केलेली असते. अर्धी भरलेली नोंद नाहीशी होते. कारकून सातबारावरचा गट नंबर शोधेपर्यंत, काम थांबले असे समजून सर्व्हर जोडणी बंद करतो. तिसरे, तक्ता जतन करायला जावे तर ‘परवानगी नाही’ असा संदेश येतो, कारण जिथे तो ठेवायचा तो ड्राइव्हच बंद केलेला असतो. अशा वेळी प्रिंटर बदलणे किंवा कारकुनाला बोल लावणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

कधी कोणी काही न बदलताही घोटाळा होतो. जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी एक सुधारणा पाठवली. तोवर माणसाच्या नावचे नियम त्याच्याच हक्काने वाचले जात. त्यानंतर ते संगणकाच्या हक्काने वाचले जाऊ लागले. ज्या नियमांना संगणकाचा वाचनहक्क दिलेला नव्हता, ते जगभर अनेक कार्यालयांत एकाएकी लागू होईनासे झाले.

उपाय म्हणून सगळी कुलुपे काढून टाकणे घातक आहे. त्रास होतो त्याच कारकुनाच्या नावाने, त्याच सर्व्हरवर ‘जीपीरिझल्ट’ हा आदेश चालवावा. कोणता नियम लागला, कोणता डावलला गेला, याची यादीच मिळते. मग तेवढाच नियम दुरुस्त करावा. दुरुस्ती लगेच दिसेलच असे नाही. नियम साधारण ९० मिनिटांनी, अधिक अर्ध्या तासापर्यंतच्या फरकाने, ताजे होतात. काही नियमांना तर बाहेर पडून पुन्हा आत यावे लागते. नवा नियम आधी एकाच गट कार्यालयात, एका चाचणी नावावर तपासावा, आणि तोही गाळप हंगामापूर्वी. ऐन हंगामात नको.

सभासदांनीही एवढे करावे. संगणक अडला तर नोंद कागदी वहीत करून घ्यावी, तीवर तारीख-वेळ घालून सही घ्यावी. पडद्यावर आलेले वाक्य जसेच्या तसे लिहून ठेवावे. ‘मशीन बंद होते’ एवढ्याने दोष सापडत नाही. संगणक सुरू झाल्यावर वहीतली नोंद त्यात चढली की नाही, लागणीची तारीख बरोबर आहे की नाही, हे पाहून छापील पावती घेतल्याखेरीज कोणी घरी जाऊ नये.