‘पिटा’ कायदा नेमका कशाला गुन्हा म्हणतो

वेश्याव्यवसाय कायदेशीर करावा का, या वादात बहुतेक जण धरूनच चालतात की आज तो बेकायदा आहे. प्रत्यक्षात सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने, एकटीने, आपल्या खोलीत पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवले, तर तेवढ्यासाठी १९५६च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात शिक्षा नाही. वस्तीत आणि पोलिस ठाण्यात या कायद्याला ‘पिटा’ म्हणतात. त्यातली शिक्षा आहे ती तिच्या अवतीभवतीच्या गोष्टींना.

कलम २ पाहा. दोन बायकांनी एकमेकींच्या फायद्यासाठी एकच जागा धंद्याला वापरली, तरी ती जागा कुंटणखाना ठरते. म्हणजे गिऱ्हाईक अंगावर आलं तर धावून येणारी मैत्रीण शेजारी ठेवायची सोयच उरत नाही. कलम ४ नुसार तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारा अठरा वर्षांवरचा कोणीही दोषी. तिच्यासोबत राहणारा माणूस तिच्याच पैशावर जगतो असं कायदा आधीच गृहीत धरतो. तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. हे कलम दलालासाठी लिहिलेलं असलं, तरी तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलालाही ते लागू शकतं. मंदिर, शाळा, रुग्णालय यांच्यापासून २०० मीटरच्या आत धंदा केला तर कलम ७, रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक बोलावलं तर कलम ८. दाट वस्तीच्या शहरात २०० मीटरबाहेरची जागा कुठे शोधायची?

रेड पडली की कागदावर तिची ‘सुटका’ होते. दंडाधिकाऱ्यासमोर उभं केल्यावर, चौकशीनंतर, कलम १७ नुसार तिला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवता येतं. तिच्यावर आरोप नसतानाही. सप्टेंबर २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच तीन सज्ञान तरुणींना सोडण्याचा आदेश दिला आणि वेश्याव्यवसाय हा या कायद्याखाली मुळात गुन्हा नाही, हे स्पष्ट केलं. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इच्छेविरुद्ध डांबलेल्या सज्ञान बायकांची सुटका व्हावी, कंडोम पुरावा म्हणून धरू नयेत, असे निर्देश दिले. हा दुसरा निर्देश जिवाशी जोडलेला आहे: कंडोम सापडला तर अडकू, ही भीती असेल तर ती तो जवळ ठेवणारच नाही.

मग ‘कायदेशीर करा’ म्हणजे काय? एक वाट परवान्याची: नोंदणी, ठरावीक इमारती, सक्तीची तपासणी. इंग्रजांनी १८६८च्या कायद्याने हेच केलं होतं. बायकांची जबरदस्तीने तपासणी व्हायची, गिऱ्हाइकाची नाही. १८८८मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला. परवाना मिळत नाही तिची त्यात पुन्हा बेकायदा गणना होते, म्हणून मला ही वाट पटत नाही.

दुसरी वाट न्यूझीलंडने २००३मध्ये धरली. सज्ञानांच्या संमतीने चालणारा धंदा फौजदारी कायद्यातून काढला आणि कामगार व आरोग्याच्या नियमांखाली आणला. चार जणींपर्यंतच्या, स्वतः चालवलेल्या जागेला परवाना लागत नाही. गिऱ्हाइकाला कधीही नकार देता येतो. २०१४मध्ये तिथल्या एका बाईने लैंगिक छळ करणाऱ्या मालकाविरुद्ध न्यायाधिकरणाकडे दाद मागितली आणि तिला २५,००० डॉलर भरपाई मिळाली. उणीवही आहे: तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या बायकांना हे काम करायला मनाई आहे, त्यामुळे मार खाऊनही त्या पोलिसांकडे जायला कचरतात.

आपल्याकडे सांगलीत १९९६पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या, म्हणजे ‘व्हॅम्प’च्या, बायका संघटित आहेत, धंदा हे काम आहे आणि आम्हाला सोडवायला येऊ नका, असं त्या सांगतात. त्यांचं ऐकायचं तर कलम ८ जायला हवं, कलम ४ फक्त जबरदस्ती करणाऱ्यापुरतं उरायला हवं, कुंटणखान्याच्या व्याख्येतून एकत्र राहणाऱ्या बायका वगळायला हव्यात. फसवून आणणं, विकणं, अल्पवयीन मुलीला धंद्याला लावणं यांवरच्या शिक्षांना मात्र हात लावू नये. पोलिसांचं मनुष्यबळ तिकडेच वळवायला हवं, कारण वस्तीत नवी आणलेली लहान मुलगी सर्वांत आधी दिसते ती तिथल्याच बायकांना. आणि पोलिस ठाण्याची पायरी चढायला आज त्याच घाबरतात.