शेंदुराखालचा वासुदेव

जर्मन पंडित वेबर यांनीं जन्माष्टमीच्या उत्सवांत ख्रिस्ती कथांची छाया पाहिली. तेव्हां प्रश्न उभा राहिला तो असा, कीं वासुदेवाची उपासना ख्रिस्तापूर्वीं होती काय? पाणिनीनें वासुदेवाच्या भक्तास ‘वासुदेवक’ म्हटलें आहे. पण ग्रंथाच्या कालाविषयीं वाद घालतां येतो, शिळेशीं तो घालणें कठीण.

विदिशेजवळ बेसनगर येथें एक स्तंभ आहे. गांवकरी त्यास ‘खामबाबा’ म्हणत व शेंदूर फांसत. १८७७ सालीं कनिंगहॅम साहेबांनीं तो पाहिला, आकारावरून गुप्तकालीन ठरविला आणि ते पुढें गेले. शेंदुराच्या पुटांखालीं अक्षरें होतीं! तीं उघडकीस आलीं १९०९ सालीं. तक्षशिलेचा हेलिओडोरस, यवनराज अँटिअल्किडसाचा वकील म्हणून राजा भागभद्राकडे आला होता. देवाधिदेव वासुदेवाचा हा गरुडध्वज त्यानें उभारला, आणि स्वतःस तो ‘भागवत’ म्हणवितो. काल इसवी सनापूर्वीं सुमारें ११० वर्षें. वेबर साहेबांस हा लेख पाहावयास मिळाला नाहीं, हें खरोखर दुर्दैव.

आमच्या नाणेघाटांतील सातवाहनांच्या लेखांतहि आरंभींच संकर्षण-वासुदेवांस वंदन आहे. अफगाणिस्तानांत ऐ-खानूम येथें १९७० सालीं मिळालेलीं अगाथोक्लीस राजाचीं नाणीं तर स्तंभाहूनहि जुनीं. त्यांवर नांगरधारी संकर्षण व चक्रधारी वासुदेव उभे आहेत.

तथापि हें प्रमाण उपासनेचें, जन्माचें नव्हे. देवकीपुत्राची समकालीन अशी शिळा अद्याप हातीं आलेली नाहीं. गोकुळांतील लीलांविषयीं तर हा स्तंभ अवाक्षरहि काढीत नाहीं.