गाडीत जागा आहे, पण टायरमध्ये ताकद आहे का?

मे महिन्याच्या सुट्टीत भाच्याच्या निकाहासाठी आम्ही चिपळूणला निघालो होतो. गाडी सात आसनांची, माणसंही सातच. डिकीत आणि टपावरच्या कॅरिअरवर मिळून सहा बॅगा, तांदळाची गोणी, पाण्याचा जार. “जागा आहे ना, मग राहू द्या,” असं अम्मी म्हणत गेल्या आणि आम्ही भरत गेलो. सफरची दुआ पढून निघालो. पोलादपूरच्या अलीकडे मागचा टायर फुटला. गाडीला वेग नव्हता, म्हणून अल्लाहच्या कृपेने कुणाला खरचटलंही नाही.

स्टेपनी बसवताना पंक्चरवाले भाई म्हणाले, “हवा कमी, वजन जास्त. टायर तरी काय करणार?”

आम्ही वर्गात मुलांना वजन-मापं शिकवतो. पण हा हिशेब कधी मांडलाच नव्हता. घरी परतल्यावर मांडला. गाडीच्या पुस्तिकेत रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन दिलेलं असतं. दोन्हींतला फरक म्हणजे आपला वाटा. समजा तो ५५० किलो आहे. सात माणसं सरासरी ६५ किलोंची धरली तर ४५५ किलो झाले. १५ किलोंच्या सहा बॅगा म्हणजे ९०. गोणी २५, पाणी २०. बेरीज ५९०! कॅरिअरचं वजन वेगळंच.

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यात झोपायची खोलीच बसवून कुटुंबं सहलीला जातात. अशा ट्रकसोबत निर्मात्याने तो किती भार पेलेल आणि त्या भाराचा मध्य कुठे यावा हे लेखी द्यावं, असा नियम तिथे करण्यात आला होता. खोली हौद्यात मावली म्हणजे ट्रकला पेलवली असं होत नाही. आपल्या कॅरिअरचंही तेच. टपावर ओझं वाढलं की वळणावर गाडी जास्त कलते.

टायरच्या बाजूवर ‘१९५/६५ आर १५ ९१ एच’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला ९१ हा भाराचा अंक आहे. त्याचा अर्थ, पुरेशी हवा असेल तर तो टायर ६१५ किलो पेलतो. चार टायर मिळून २४६० किलो, तेही गाडीचं वजन धरून. शिवाय सामान मागे असेल तर मागच्या दोन टायरांवर जास्त भार येतो. हवा कमी असली की टायरच्या भिंती सतत दबतात, तापतात आणि शेवटी फुटतात.

निघण्यापूर्वी आता आम्ही एवढं पाहतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासतो. भरल्या गाडीसाठी किती हवा हवी, ते बहुधा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर वेगळं दिलेलं असतं. टायरवरचा चार अंकी आकडा वाचतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायचाच. आणि स्टेपनीतही हवा भरून घेतो.

तरीही टायर फुटलाच तर जोरात ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग घट्ट धरावं, अॅक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढावा आणि गाडी कडेला घ्यावी.

यंदा ईदला गावी जाताना तांदळाची गोणी आम्ही घरीच ठेवली. अम्मी थोड्या नाराज झाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, “तांदूळ चिपळूणलाही मिळतात.”